तुलनेचा वर्ग

रैनीचं नाव मी आजवर कुठंही लिहिलं नाही. नोकरीत असताना कागद तर पोत्यानं लिहिले. अहवाल लिहिले, टाचणं लिहिली, शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिका लिहिल्या. शिकवण्याची एखादी रीत खरंच उपयोगी पडते की नाही हे कसं पडताळून पाहावं, यावर तासन् तास बोलले. पण जिच्यापासून हे सगळं सुरू झालं तिचं नाव तोंडातून निघालं नाही, आणि ते विसरले म्हणून नाही. मला तिचा हेवा वाटत होता. साधासुधा नाही, आतून जाळणारा. आता केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी तिची आठवण आली की तो हेवा थोडासा जागा होतोच. म्हटलं, एकदाचं लिहून मोकळं व्हावं.

आम्ही शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा शाळेत गुरुजी. आई वरोऱ्याकडची, कापसाच्या काळ्या मातीतली, तिला हा भाताचा मुलूख शेवटपर्यंत अंगवळणी पडला नाही. सकाळी ती बुद्धवंदना म्हणायची, आणि शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच चुलीपुढं बसून कुरकुर सुरू करायची, "सकायी भात, दुपारी भात, राती भात. मानसाचे दात कायले देल्ले मंग?" माहेरची ज्वारी आली की घरात सण. जाडजूड भाकर, जवसाची चटणी, वरून कच्चं तेल. बाबा मात्र इथलेच. त्यांना भाताची पेज आणि सुकलेले झिंगे दिली की झालं. आमच्या घरात शाळेचा आवाज सतत यायचा, कारण मधे फक्त बांबूची तट्टी होती, शेणानं सारवलेली, आणि सारवण जागोजागी निघालेलं. आई तांदूळ निवडता निवडता पाढ्यात चुकलेल्या पोराला घरातूनच ओरडायची. बाबा पलीकडून हसायचे. बाबांचा आवाज मोठा होता, आणि त्या आवाजावर मी जाम खूश असायची. गुरुजींची पोर म्हणून पहिल्या रांगेत, पहिल्या नंबरात, फळा पुसायलाही पहिली मीच. दुसरं कोणी पहिलं असू शकतं हे माझ्या गावीही नव्हतं.

आजूबाजूच्या टोल्यांवरची, म्हणजे जंगलातल्या पाड्यांवरची, पोरं आमच्याच शाळेत यायची, म्हणून तिसरीचे दोन वर्ग होते. एक बाबांचा. दुसरा मडावी गुरुजींचा. मडावी गुरुजी नवे, नुकतंच मिसरूड फुटल्यासारखे, गोंडी घरातले. बाबा त्यांना प्रेमानं वागवायचे, म्हणजे ते काही चुकले की चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन सांगायचे. दोन्ही वर्गांत मागच्या रांगा टोल्यावरच्या गोंड पोरांच्या. ती यायची, बसायची, हजेरीला हात वर करायची आणि दिवसभर गप्प राहायची. रैनी तशीच, मडावी गुरुजींच्या वर्गातली. कडेवर धाकटा भाऊ घेऊन यायची, त्याला मांडीवर निजवायची आणि फळ्याकडं बघत राहायची. तिला वाचता येत नव्हतं. येईल असं कोणाला वाटतही नव्हतं. त्यामुळं तेव्हा ती मला आवडायची. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

दिवाळीनंतर दाणीबाई आल्या. नागपूरच्या, शिक्षक घडवायच्या कॉलेजातल्या. एसटीच्या टपावरून त्यांनी एक पत्र्याची पेटी उतरवली आणि दोघा गुरुजींना आमच्याच ओसरीवर बसवून ती उघडली. आत पत्ते होते, पोस्टकार्डाएवढे, पुठ्ठ्याचे. प्रत्येकावर चित्र. कोंबडीच्या चित्राखाली आपल्या अक्षरात गोंडी शब्द, 'कोर'. मागच्या बाजूला मराठी, 'कोंबडी'. पाण्याच्या चित्राखाली 'एर'. आंबिलीच्या गडव्याखाली 'जावा'. बाईंचं म्हणणं असं की पोराला आधी त्याच्या घरचा शब्द वाचू द्या, म्हणजे अक्षराची भीती जाते, मग मराठी आपोआप मागून येते. "असं मला वाटतं," त्या म्हणाल्या, "पण मला वाटून उपयोग नाही. दाखवता आलं पाहिजे. म्हणून एका वर्गाला पत्ते द्यायचे, दुसऱ्याला नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर दोघांची सारखीच परीक्षा घ्यायची. फरक पडला तर सगळीकडं पत्ते मागता येतील. नाही पडला तर पेटी परत."

कोणाला द्यायचे हे नशिबावर सोडलं. आईनं गाडग्यात दोन चिंचोके टाकले, एक घासून पांढरा केलेला. बाबांनी हात घातला आणि काळा काढला. मी तिथंच खांबाला धरून उभी होते. पेटी मडावी गुरुजींच्या पायाशी सरकली तेव्हा मी खांबात नख रुतवलं. बाबांचा चेहरा तसाच राहिला, पण त्यांनी चष्मा काढून उगीच पुसला. दाणीबाईंनी त्यांना नीट समजावलं. तुमचा तुलनेचा वर्ग. तुम्ही नेहमीसारखंच शिकवायचं, जीव लावून, पण पत्त्यांना हात लावायचा नाही आणि वर्गात येऊ द्यायचे नाहीत. नाहीतर काय कशामुळं झालं ते कळणारच नाही. बाबांनी शब्द दिला. बाई गेल्यावर आई म्हणाली, "म्हंजे तुमाले नुसतं मापाले ठेवलं. ताजव्यातल्या दगडावानी."

"समजत नाई तं बोलू नोको," बाबा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

मग सुरू झाला तो तट्टीपलीकडचा आवाज. आमच्या वर्गात बाबांचा मोठा आवाज आणि पलीकडून हसणं. मडावी गुरुजींनी पत्त्यांना ठेका जोडला होता. शब्द तोंडानं म्हणायचा, जितके तुकडे तितक्यांदा दोन बोटं मांडीवर आपटायची, आणि मग अक्षरावर बोट ठेवायचं. सगळा वर्ग मांड्या बडवायचा. बाबा फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे, खडू हातात तसाच, आणि पुन्हा लिहायला लागायचे. घरी जेवताना म्हणायचे, "ढोल वाजवून कोनी शिकते का?" मी म्हणायची, "नाईच मुळी." आम्ही दोघं बापलेक एकाच ताटात जळत होतो, फक्त ते मोठे असल्यामुळं त्याला तत्त्वाचं नाव देत होते.

आणि महिन्याभरात रैनी वाचायला लागली. हळूहळू नाही. जणू ती इतके दिवस तोंडात साठवूनच बसली होती. पेटीतले पत्ते संपले, मग भिंतीवरच्या जाहिराती, मग एसटीवरची पाटी. दाणीबाई पुन्हा आल्या तेव्हा त्या वर्गात रैनीच्या शेजारी खाली बसल्या, मांडीला मांडी लावून. मी तट्टीच्या भोकाला डोळा लावला होता. बाईंनी तिच्या भावाला आपल्या मांडीवर घेतलं, ती वाचायला लागली आणि बाई वहीत लिहायला लागल्या. जाताना त्यांनी तिला एक पेन्सिल दिली, टोकाला लाल रबर असलेली. आमच्या वर्गात त्या दोन मिनिटं आल्या, "छान चाललंय ना, गुरुजी?" म्हणाल्या आणि गेल्या. मी पहिल्या रांगेत, पाठ ताठ, कविता पाठ करून बसलेली. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या पेन्सिलीच्या लाल रबरानं मला जेवण गोड लागेनासं झालं. मी रैनीच्या फ्रॉकला नावं ठेवली, तिच्या तेलाच्या वासाला नावं ठेवली, तिचा भाऊ शेंबडा आहे हे साऱ्या शाळेला सांगून आले. तिला काही फरक पडला नाही. तीच तर खरी चीड होती.

पौषात बोरं पिकली. सुटी झाली की पोरं नाल्याकडं पळायची. एक दिवस मी मुद्दाम रैनीच्या मागं गेले आणि गोड आवाजात विचारलं, "तुमच्या वर्गात खेळता तं कोनता खेळ आहे व तो?" मला वाटलं होतं आढेवेढे घेईल. मी असते तर दहा बोरं घेऊन एक शब्द सांगितला असता. तिनं भावाला खाली ठेवलं, नाल्याच्या वाळूत काडीनं कोंबडी काढली आणि शिकवायलाच बसली. मी एकदम अक्षरावर बोट ठेवलं तसा तिनं माझा हात धरला.

"असं नाई. पयले तोंडानं, मंग मांडीवर, मंग डोयानं."

"डोयानंच वाचतात," मी म्हटलं.

"डोया शेवटी. डोया भेतो," ती म्हणाली. "तोंड भेत नाई."

रोज एक शब्द, कधी दोन. चित्रं ती काढायची, मी घरी येऊन साबणाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर उतरवायची आणि धानाच्या कणगीमागं लपवायची. माझं डोकं स्पष्ट होतं. आमच्या वर्गानं त्यांच्या वर्गाला हरवायचं. बाबांनी दिलेला शब्द बाबांचा होता, मी काही दिला नव्हता. मधल्या सुटीत मी आमच्या वर्गातली मागच्या रांगेची पोरं विहिरीपलीकडं गोळा केली, पत्ते मांडले आणि बाबांसारखा आवाज काढून म्हटलं, कोणाला सांगाल किंवा वर्गात मांडी बडवाल तर याद राखा. मंगरू नावाचा एक होता, दोन वर्षं तिसरीतच. त्याला 'जावा'चा पत्ता दाखवला. त्यानं मांडीवर दोनदा बोटं आपटली, अक्षरावर बोट ठेवलं आणि वाचलं, आणि मग माझ्याकडं असा बघत राहिला की मलाच कसंतरी झालं. खरं सांगते, त्या क्षणी मी हेवा विसरले होते. पण तो क्षणच होता. लगेच मनात आलं, आता बघू तुझ्या लाल रबराची मजा.

होळी होता होता बाबा घरी वेगळेच यायला लागले. चप्पल काढायच्या आत आईला सांगायचे, "मंगरू वाचून राह्यला, समजलं का? अन तो लालसू बी. म्या म्हनलं होतं, शिकवनारा पाह्यजे. पत्तेबित्ते सारं मंगचं." आई सुपातून मान वर न करता हसायची. मी ताटात बोटं फिरवत बसायची. त्यांचा तो आनंद माझ्या करणीचा होता, ते मलाच ठाऊक, आणि त्याचीही एक गुदगुली होती.

मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा परीक्षा झाली. दाणीबाई दोन दिवस विश्रामगृहावर राहून प्रत्येक पोराला एकेकटं बोलावून वाचून घेत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. आईनं दिलेला चहा तसाच थंड झाला. दोन्ही वर्गांत फरक नव्हता. बाबांचा वर्ग उलट थोडा पुढंच होता. "म्हणजे माझंच चुकलं," बाई म्हणाल्या. "पत्त्यांशिवायही मुलं तितकीच शिकतात. मला तसंच लिहावं लागेल. उद्या दुपारच्या गाडीनं मी पेटी घेऊन जाते." मडावी गुरुजी खाली बघत होते. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "तुमची मेहनत होतीच, मडावी. अनुभव येईल हळूहळू." इतक्या मायेनं बोलले की मडावी गुरुजींना मान वर करता आली नाही. त्या दिवशी आईनं सांबारवडी केली, कोथिंबीर भरून तळलेली. बाबांनी आठ खाल्ल्या. मी मोजल्या नव्हत्या, आई मोजत होती आणि खूश होती.

संध्याकाळी रैनी तट्टीपाशी आली. "पत्ते जाऊन राह्यले काय व?"

"जाऊन राह्यले," मी म्हटलं. "तुमचा वर्ग हरला."

तिनं जिंकण्या-हरण्याचं काही विचारलं नाही. म्हणाली, "माह्या भावाले कसं शिकवू मंग? तो पुढच्या साली येईन ना पयलीत." आणि भावाला सावरून टोल्याच्या वाटेला लागली. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मी ती दिसेनाशी होईपर्यंत तट्टीपाशीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आनंदात मंगरूला उभं करून धडा वाचायला सांगितला. तो अडला. परीक्षा संपली तसा माझा धाकही सरला होता. त्याची दोन बोटं आपसूक मांडीवर आपटली, टप टप, आणि तो पुढं गेला. बाबांनी पुस्तकातून डोकं काढलं. लालसूला उभं केलं. टप टप. तिसऱ्याला. टप टप. बाबांनी फार शांतपणे विचारलं, "हे तुमाले कोनं शिकवलं?" पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग मंगरू, बिचारा, कौतुकच करायचं समजून म्हणाला, "तुमच्या पोरीनं, गुरुजी." बाबा खुर्चीवर बसले. वर्गात बाबांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मधल्या सुटीत घरी आले, जेवले नाहीत. "आन," एवढंच म्हणाले. मी कणगीमागून पुठ्ठे काढून दिले. त्यांनी एकेक पत्ता पाहिला, मागून पाहिला, पुन्हा पहिल्यापासून पाहिला. मी माराची वाट बघत होते. मार बरा पडला असता.

"कवापासून?"

"बोरं होती तवापासून."

"म्या बाईले शब्द देल्ला होता," ते म्हणाले. आई मधे पडली, "लेकरू आहे. कोनाले कायले सांगाचं? बाई चालली, झालं." बाबांनी तिच्याकडं पाहिलं. सगळ्या गावात त्यांचं नाव झालं होतं, कालचा एकच दिवस. गप्प बसले असते तर ते आयुष्यभर पुरलं असतं. त्यांनी धुतलेला सदरा घातला, सायकल काढली, आणि मला पुढं दांडीवर बसवून विश्रामगृहाकडं निघाले.

दाणीबाई पेटीला कुलूप लावत होत्या. बाबांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. बाईंचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. सहा महिन्यांचं काम गेलं होतं. मग त्या खुर्चीत बसल्या आणि हळूहळू म्हणाल्या, "म्हणजे तुमचा वर्ग पत्त्यांशिवाय शिकलाच नाही. दोन्ही वर्ग पत्त्यांवरच शिकले." बाबांनी मान हलवली. "गुरुजी, तुम्ही आला नसता तर मी लिहून टाकलं असतं की हे निरुपयोगी आहे. इथली परीक्षा आता धरता यायची नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात पुन्हा पहिल्यापासून करीन. पण पेटी नेत नाही मी. राहू द्या, दोन्ही वर्गांना वापरा."

मग त्यांनी मला जवळ ओढलं. माझे साबणाच्या खोक्याचे पत्ते हातात घेतले. "तू एकटीनं शिकवलंस या मुलांना? कसं, सांग बरं." मी म्हटलं, "पयले तोंडानं, मंग मांडीवर, मंग डोयानं. डोया शेवटी. डोया भेतो, तोंड भेत नाई." बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. सहा महिने मी ज्या नजरेची वाट पाहिली ती नजर. त्यांनी वही उघडली. "मला स्वतःलाही हे इतकं नीट सांगता आलं नसतं," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "आणि तुला कोणी शिकवलं?"

बाबांनी नुकतंच सगळं खरं सांगितलं होतं, माझ्यासमोर, सगळं गमावून. मला एक शब्द सांगायचा होता. दोन अक्षरांचं नाव.

"कोनीच नाई," मी म्हटलं. "तट्टीतून पाह्यलं म्या."

बाईंनी माझं नाव वहीत लिहिलं, खाली रेघ ओढली. त्याच रेघेवर माझं आयुष्य उभं आहे. चौथी झाल्यावर त्यांच्या चिठ्ठीनं मला चंद्रपूरच्या वसतिगृहात जागा मिळाली, पुढं कॉलेज, पुढं त्यांच्याच हाताखाली नोकरी. दुसऱ्या गावातला त्यांचा प्रयोग नीट झाला, फरक दिसला, पत्ते छापले गेले. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर एक ओळ होती, शुद्ध करून घेतलेली, 'आधी तोंडाने, मग मांडीवर, मग डोळ्यांनी', आणि खाली कोणाचंच नाव नव्हतं. पण बाई प्रत्येक सभेत माझ्याकडं बोट दाखवून सांगायच्या. मी खाली बघायची. लोकांना तो विनय वाटायचा. रैनी चौथीनंतर शाळेत आली नाही, तेंदूपत्त्याच्या कामाला लागली. तिच्यासाठी चिठ्ठी कोण लिहिणार? बाईंना ती वाचणारी पोर म्हणून माहीत होती, शिकवणारी म्हणून नाही.

विश्रामगृहावरून परत येताना पेटी मागं कॅरिअरला बांधलेली, मी पुढं दांडीवर. बाबा पायडल मारत राहिले. चढावर उतरून सायकल ढकलू लागले तेव्हा म्हणाले, "मंगरू माह्यानं नाई वाचला तं." माझ्याशी नाही, असंच. दुसऱ्या दिवसापासून ते शाळा सुटल्यावर मडावी गुरुजींच्या वर्गात जाऊन खाली बसायचे आणि ठेका शिकायचे. त्यांना तो कधी नीट जमला नाही, पण पोरांना त्यांचं चुकणं फार आवडायचं.

शाळेपाशी पोचलो तेव्हा रैनी विहिरीवर होती. पेटी दिसताच भावाला काखोटीला मारून धावत आली, पेटीच्या पत्र्यावरून हात फिरवला, आणि मला विचारलं, "कोनं थांबवलं व बाईले?"

"म्या," मी म्हटलं.

तिनं फ्रॉकच्या खिशातून बोरकुटाची वडी काढली, गुळातली, एकच होती. मधोमध मोडायला गेली तर ती कमीजास्त मोडली. मोठा तुकडा तिनं मला दिला, लहान तुकडा भावाच्या तोंडात घातला, आणि आपली बोटं चाटत हसत उभी राहिली. मी तो तुकडा तिच्यासमोर खाल्ला, सगळा.